उजव्या चाकाचा माणूस

आमच्या कारखान्यात गाडीला चाकं बसायची ती जागा लाइनच्या शेवटाकडे होती. डाव्या बाजूची दोन चाकं मी बसवायचो, उजव्या बाजूची दोन तो. मधून गाडी सरकत असायची, त्यामुळे काम चालू असताना आम्हाला एकमेकांचं फार तर डोकं दिसायचं. एक गाडी पुढे गेली आणि दुसरी यायची असली, की मध्ये आठ-दहा सेकंदांची फट पडायची. तेवढ्यात जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. आमची मैत्री ही अशी फटीफटीतून झालेली. एखादी हकिकत सांगायला त्याला चाळीस-चाळीस गाड्या लागायच्या. मी "मग?" म्हणायचो आणि नेमकी गाडी यायची.

त्याला सगळे काटा म्हणायचे. शिफ्ट सुटायचा भोंगा झाला की हातातली नट आवळायची हवेची गन हुकाला अडकवून तो निघालाच. "काटा हलला रे, चला," म्हणत बाकीचे हात पुसायला लागायचे. चहाला थांबणं नाही, गप्पा नाहीत, जादा पाळी तर नाहीच. अंगानंही तसाच, काटकुळा. नव्या माणसाला वाटायचं, भलताच शिष्ट आहे. पहिलं वर्षभर मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा चाळीसेक गाड्यांत त्यानं मला सगळं सांगितलं.

घरी त्याचा धाकटा भाऊ होता. अंगापिंडानं थोराड, दाढी आलेला, आणि समज तीन-चार वर्षांच्या मुलाएवढी. मधूनच फिट यायची. वडील लवकर गेले, दोघांचं सगळं आईनं केलं. तिचं दुखणं बरं होणारं नाही हे कळल्यावर शेवटच्या दोन महिन्यांत तिनं काट्याला धाकट्याचं सगळं शिकवलं. "आपण नव्या माणसाला मशीन शिकवतो ना, तसं," तो म्हणाला होता. नखं झोपेत कापायची. वाटी झाकणाचीच लागते. रडायला लागला तर समजूत घालायची नाही, नुसतं शेजारी बसायचं. फिट आली की डोक्याखाली काय द्यायचं, किती वेळ चालली ते घड्याळात कसं बघायचं.

"वचनबिचन मागितलं असेल," मी म्हणालो.

"छे. इतकं शिकवून झाल्यावर वचन कशाला मागेल?"

लग्नाचं दोन-तीनदा जमत आलं होतं. बोलणी व्हायची, धाकट्याला बघितलं की बोलणी संपायची. त्याबद्दल तो कुणाला दोष देत नसे. "मी मुलीचा बाप असतो तर मीही तेच केलं असतं," एवढंच म्हणायचा.

आम्ही दोघं लागलो तेव्हा दोघंही कंत्राटी होतो, करडा शर्टवाले. कायम झालेल्यांना निळा शर्ट. चौथ्या वर्षी आमच्या जागेवर एकच माणूस कायम करायचं ठरलं. परीक्षा सकाळी दहाला होती. काट्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे सुपरवायझरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण त्या सकाळी धाकट्याला मोठी फिट आली, जीभ चावली गेली, आणि काटा दहा वाजता दवाखान्याच्या बाकावर होता. परीक्षा मी एकट्यानंच दिली. निळा शर्ट मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटीत तो म्हणाला, "अभिनंदन. निळा रंग शोभतो तुला."

मी म्हणालो, "तू आला असतास तर..." आणि गाडी आली. ते वाक्य मी पुढच्या फटीत पुरं केलं नाही. पुन्हा तशी परीक्षा निघाली तोवर त्याचं वय उलटून गेलं होतं.

धाकट्यासारख्या मोठ्या मुलांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला एक केंद्र होतं. दिवसभर तिथे ती कागदाच्या पिशव्या चिकटवायची, गाणी ऐकायची. केंद्राची व्हॅन घरापर्यंत यायची. एका वर्षी ती व्हॅन बंद झाली आणि काटा पहाटे उठून धाकट्याला बसनं पोचवायला लागला. दुपारी भोंगा झाला की पळत जाऊन आणायचं, तेही बसनंच. धाकट्याला गर्दी सोसायची नाही. कुणाचा धक्का लागला की तो कान झाकून ओरडायचा.

एका सोमवारी काटा उशिरा आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. गालावर ओरखडा होता.

"काय झालं?" मी पहिल्या फटीत विचारलं.

"बसमध्ये एकानं सोन्याला मारलं." धाकट्याला तो सोन्या म्हणायचा.

गाडी आली. मी नट आवळत होतो आणि माझं लक्ष पलीकडे होतं.

"का?"

"ओरडत होता म्हणून. थोबाडीत मारली. सोन्यानं त्याचा हात चावला. मग लोकांनी आम्हा दोघांना खाली उतरवलं."

पुन्हा गाडी. पुढच्या फटीत तो स्वतःच म्हणाला, "त्या माणसाचंही चूक नाही रे. त्याला काय माहीत."

त्याच आठवड्यात नोटीस लागली. कंपनीची दरवर्षीची योजना होती: कायम कर्मचाऱ्याला स्वतःसाठी एक गाडी सवलतीत, शिवाय तशाच सवलतीच्या दोन चिठ्ठ्या नातेवाइकांसाठी किंवा मित्रांसाठी. या चिठ्ठ्यांच्या दिवसांत कारखान्यातल्या माणसाला अचानक खूप नातेवाईक फुटतात. वर्षभर ओळख न दाखवणारा साडू तब्येतीची चौकशी करायला लागतो. माझी एक चिठ्ठी बहिणीच्या नवऱ्यानं आधीच नेली होती. दुसरी माझ्या बायकोनं मनातल्या मनात तिच्या भावाला देऊन टाकली होती.

मी घरी विषय काढला. ती कणीक मळत होती.

"माझ्या भावाला काय सांगू? त्यानं रंगसुद्धा ठरवलाय," ती म्हणाली.

मी बसमधली गोष्ट सांगितली. ती मळायची थांबली. एकदा दवाखान्यात तिनं धाकट्याला पाहिलं होतं. त्यानं तिची ओढणी धरून ठेवली होती आणि ती पाऊण तास तशीच उभी राहिली होती.

"भाऊजींना द्या," ती म्हणाली. "माझ्या भावाची आहे ती गाडी काही मोडलेली नाही. तो आठ दिवस फुगेल आणि नवव्या दिवशी जेवायला येईल."

तो महिनाभर फुगला, ते सोडा.

काट्याला मी सांगितलं आणि तीन गाड्या गेल्या. पैसे त्यानं साठवले होते. पूर्ण किमतीला हात पोचत नव्हता, सवलतीत बरोबर पोचत होता. गाडी चालवताही यायची, कारखान्यात लागण्याआधी तो एका बेकरीचा टेम्पो चालवायचा. चौथ्या फटीत त्यानं विचारलं, "फॉर्मवर माझं नातं काय लिहिणार?"

"मित्र."

"बरं," तो म्हणाला. आणि गाडी आली.

फॉर्म घेऊन आम्ही दोघं ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म वाचला, मग त्याच्या करड्या शर्टाकडे पाहिलं.

"तुम्ही इथेच काम करता ना?"

"हो. चौदा वर्षं."

"मग मित्र कसे? थांबा, मी साहेबांना विचारते."

साहेब तरुण होते आणि वागायला चांगले होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. पुस्तिका उलटीपालटी केली, फोन केला, मग हसून म्हणाले, "काही अडचण नाही. कंत्राटदाराची माणसं आमच्या दृष्टीनं बाहेरचीच. बाहेरच्या माणसाला मित्र म्हणून गाडी घेता येते. फक्त एवढं एक लिहून द्यावं लागेल."

बाईंनी छापील कागद आणून ठेवला. त्यावर चारच ओळी होत्या. 'मी या कंपनीचा कर्मचारी नाही व कधीही नव्हतो. कंपनीशी माझा नोकरीचा कोणताही संबंध नाही.' खाली सहीची जागा.

काट्यानं तो कागद दोनदा वाचला. बाई हळूच म्हणाल्या, "आजच सही केली पाहिजे असं काही नाही. घरी नेऊन वाचा."

त्या बाईंना माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी चव्वेचाळीस कंत्राटी कामगारांनी कामगार कोर्टात केस घातली होती. आम्ही कंपनीचंच काम करतो, कंपनीच्याच हुकमानं करतो, तेव्हा आम्हाला कायम करा. त्या चव्वेचाळीस नावांत काट्याचं नाव होतं.

केस चालवणारा पुढारी आमच्याच लाइनवर बंपर बसवायचा. त्यालाही करडाच शर्ट. जेवणाच्या सुटीत काट्यानं कागद त्याच्यासमोर ठेवला. पुढाऱ्यानं वाचला आणि डबा बाजूला सारला.

"ही सही केलीस तर केसमधून गेलास."

"ते कळतंय."

"नुसता तू जाशील असं नाही. त्यांचा वकील हा कागद कोर्टात नाचवेल. बघा म्हणेल, यांचाच माणूस लिहून देतोय की आमचा काही संबंध नाही. त्रेचाळीस घरं आहेत, काट्या."

"माहीत आहे."

"एवढी तीन वर्षं थांबलास, अजून वर्षभर थांब. कायम झालास की तुझीच चिठ्ठी तुला मिळेल."

काटा म्हणाला, "वर्षभर मी थांबेन. सोन्याला कसं थांबवू?"

पुढाऱ्यानं डब्याचं झाकण लावलं. चिडून उठताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि तू निळ्या शर्टवाल्या, तुला बरी मैत्री सुचली."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. मी त्या संध्याकाळी काट्याच्या घरी गेलो. एक खोली, एक स्वयंपाकघर. काटा भांडी घासत होता. धाकटा खिडकीपाशी जमिनीवर बसून डब्यांची झाकणं एकात एक बसवत होता आणि काढत होता.

"कागद फाडून टाक," मी म्हणालो. "माझ्या स्वतःच्या नावावर एक गाडी मिळते ना, ती मी घेतो. चालव तू. वर्षानं नावावर करून देतो."

"पुस्तिका वाचलीस? स्वतःची चिठ्ठी दुसऱ्यासाठी वापरली तर नोकरीवर कारवाई."

"कोण बघतंय?"

"तुला परीक्षेत एकट्याला बसवून निळा शर्ट मिळवून दिला मी," तो हसत म्हणाला. "तो काय असा घालवायला?"

इतक्या वर्षांत त्या सकाळचा त्यानं काढलेला हा पहिला उल्लेख. तोही सहज बोलून गेला होता, ताटली विसळत.

"त्रेचाळीस घरांचं काय?" मी शेवटी विचारलं.

त्यानं नळ बंद केला. "तोच विचार करतोय तीन दिवस. माझ्या कागदानं त्यांचं वाटोळं झालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण रोज पहाटे मी याला बसमध्ये चढवतो ना, तेव्हा हा माझ्याकडे बघतो. बोलता येत नाही, पण विचारतो, आज कोण मारणार. हे मी किती दिवस बघू? दुसऱ्यांची घरं मोठी की हा मोठा, याचा हिशेब मला जमत नाही. जमायचं कारणही नाही. आईनं मला त्या घरांचं नाही शिकवलं, याचं शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतला, दोन प्रती काढल्या, एक त्याला दिली. त्यानं ती चार घड्या करून खिशात ठेवली आणि येऊन उजव्या बाजूला उभा राहिला.

गाडीला पाच महिने लागले. ती लाइनवर आली तेव्हा तपासनिसानं आम्हाला येऊन सांगितलं, ही त्याची. पांढरी, साधी, चार दारांची. मी माझ्या बाजूचे नट नेहमीपेक्षा जास्त मन लावून आवळले आणि गाडी सरकल्यावर त्याला विचारलं, "काय, जरा जास्त जोर लावलास की नाही?"

"का? बाकीच्यांच्या कमी जोरानं लावतो की काय?" तो म्हणाला.

गाडी घ्यायला कारखान्याच्या अंगणातच जायचं असतं, आणि लाभार्थ्यानं कर्मचाऱ्याबरोबर यायचं असतं. त्या दिवशी काट्यानं रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, धाकट्याला बरोबर घेतलं. रोज ज्या फाटकातून तो आत यायचा तिथल्या पहारेकऱ्यानं त्याला ओळखून हात केला. पण आज त्याला पुढच्या, पाहुण्यांच्या फाटकातून जावं लागलं. तिथे वहीत नाव लिहिलं, आणि गळ्यात अडकवायला 'पाहुणा' असं लिहिलेला बिल्ला मिळाला. धाकट्यालाही एक मिळाला. धाकट्याला तो इतका आवडला, की परत द्यायच्या वेळी त्यानं मुठीत घट्ट धरला. पहारेकरी म्हणाला, "राहू दे, मी लिहितो हरवला म्हणून."

गाडीत बसायला धाकटा घाबरेल असं आम्हाला वाटलं होतं. काट्यानं दार उघडून ठेवलं आणि स्वतः जमिनीवर उकिडवा बसला. पाच-सात मिनिटांनी धाकटा आपणहून पुढच्या सीटवर जाऊन बसला. काट्यानं पट्टा लावला. मी मागे बसलो. फाटकातून बाहेर पडल्यावर मोठ्या रस्त्यावर बसगाड्या, हॉर्न, गर्दी सगळं होतं. धाकट्यानं कान झाकले. काट्यानं काचा वर केल्या. आवाज कमी झाला तसे धाकट्याचे हात हळूहळू खाली आले. त्यानं काचेला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "दा." त्याला येणाऱ्या पाच-सहा शब्दांतला तो एक. दादातला अर्धा.

काटा समोर बघून गाडी चालवत होता. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

पुढाऱ्यानं सांगितलं होतं तसंच झालं. कंपनीच्या वकिलानं तो कागद कोर्टात ठेवला. तारखेहून परतलेल्या लोकांनी काट्याशी बोलणं टाकलं. जेवणाच्या सुटीत तो बसला की टेबल रिकामं व्हायचं. कुणीतरी त्याच्या डब्याच्या खणावर खडूनं 'पाहुणा' लिहिलं. मी पुसायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. हाताला लागेल तुझ्या." मी त्याच्याबरोबर जेवायचो, पण मी निळ्या शर्टात होतो, माझ्या जेवण्यानं त्याची बाजू सावरत नव्हती. दहा महिने हे चाललं. त्याची तब्येत ओढल्यासारखी झाली. धाकटा मात्र बाळसं धरल्यासारखा दिसायला लागला होता, रोज वेळेवर केंद्रात पोचत होता. त्याच्याच रस्त्यावरची एक मुलगी, धाकट्यासारखीच, तिचे आईवडील म्हातारे. काटा तिलाही घेऊन जायचा.

मग निकाल लागला. कोर्टानं म्हटलं, एका माणसानं गरजेपोटी लिहून दिलेला कागद बाकीच्यांना लागू होत नाही. त्रेचाळीस जणांना कायम करा. चव्वेचाळिसाव्याबद्दल वेगळी ओळ होती: त्यानं स्वतःच हक्क सोडला आहे.

भोंग्याच्या आधीच बातमी आली. लाइन थांबली नाही, पण माणसं ओरडायला लागली, हेल्मेटं वाजवायला लागली. मी पलीकडे पाहिलं. काटा डोळे मिटून उभा होता. त्यानं एक लांब श्वास सोडला, आणि पहिल्यांदाच एक चाक लावायला उशीर होऊन लाइनचा दिवा लाल झाला. सुपरवायझर धावत आला. काटा म्हणाला, "काही नाही साहेब. वाचलो मी."

त्याला कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. माणसं एकेक करून येऊन त्याच्या खांद्याला हात लावून गेली. कुणी माफी मागितली नाही आणि त्यानंही ती मागायला कुणाला लावलं नाही.

मी मात्र थांबलो. "चिठ्ठी मी आणली होती," मी म्हणालो. "मी ती आणली नसती तर आज तूही त्यांच्यात असतास."

"गाडी आल्यापासून सोन्याच्या अंगाला कुणी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "तू माझ्या जागी येऊन बघ, मग सांग काय महाग पडलं."

तो अजून चार वर्षं त्याच बाजूला, त्याच करड्या शर्टात उभा राहिला. मग कंत्राट बदललं आणि नव्या कंत्राटदाराला पन्नाशीपुढची माणसं नको होती. निरोपाला काही नव्हतं, एका शुक्रवारी त्याचं कार्ड चाललं नाही एवढंच. आता केंद्रानं त्यालाच नोकरीवर ठेवलंय. पिशव्यांचा विभाग बघतो. पगार फार नाही.

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. थोड्या वेळानं पुढारी आला. आता त्याच्या अंगावर निळा शर्ट आहे, पोट सुटलंय. हातात कागदांचा गठ्ठा. दारातच उभा राहून म्हणाला, "युनियननं तुझ्या एकट्यासाठी वेगळा अर्ज करायचं ठरवलंय. तो कागद दबावाखाली घेतला असं दाखवता येईल. निदान निवृत्तीचं काहीतरी मिळेल. तुझी सही हवी."

काट्यानं त्याला आत घेतलं, पाणी दिलं. खुर्चीवर धाकटा गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता, आणि काट्याच्या हातात कात्री होती.

"दबाव नव्हता," काटा म्हणाला. "खोटं लिहू नका. जे झालं ते लिहा, मग सही करतो."

"जे झालं ते लिहिलं तर केस टिकत नाही, काट्या."

"मग जरा नीट विचार करून लिहा. घाई नाही. बस तू, याचे केस कापून होऊ देत. हा एकदा उठला की दिवसभर पुन्हा बसत नाही."

पुढारी बसला. कागद त्यानं मांडीवर ठेवले. आम्ही कात्रीचा आवाज ऐकत राहिलो. धाकटा मान खाली घालून शहाण्यासारखा बसला होता.